कडेचं

खट् आवाज झाला आणि जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसली. सिद्धेश्वरीनं श्वास सोडला. मंगळसूत्राची गाठ बसली की मांडवातल्या बायका सोडतात, तसा.

"झालं का तुझं लगीन?" शेजारी बसलेल्या गौरम्मानं विचारलं.

"झालं, अव्वा."

दोघी मायलेकी तळ्याच्या पायरीवर बसल्या होत्या. ऊन उतरत होतं. पाण्याच्या मधोमध सिद्धेश्वराचं देऊळ नुकतंच झोपेतून उठल्यासारखं, जरा हलत, जरा थांबत, आपल्याच प्रतिबिंबावर टेकलं होतं. अशा वेळी सोलापूरसुद्धा स्वप्नातल्यासारखं दिसतं.

पिको-फॉलच्या मशीनवर बसून सिद्धेश्वरी कित्येक वर्षं अशाच कॅमेऱ्याची स्वप्नं पाहत आली होती. फोटो काढायला ती मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकली. हाताखाली कुणी घेतलंच नाही, मग करणार काय? लग्नाच्या ऑर्डरी हळूहळू मिळायला लागल्या. पण जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा. समोरचं मधलं तेवढं तो घ्यायचा, बाकीचं टाकून द्यायचा. लहानशा हॉलमध्ये मागं सरकत सरकत ती भिंतीला टेकायची, तरी नवरीची मावशी अर्धीच यायची. मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम कॅमेरा असता, तर मावशी अख्खी आली असती. मावशीच्या पलीकडं खांबाशी उभा राहून डोळे पुसणारा नवरीचा भाऊही आला असता. सिद्धेश्वरीला वाटायचं, लग्न खरं तर तिथंच लागतं. कडेला.

गौरम्माला हे काही पटायचं नाही. लेकीच्या प्रत्येक ऑर्डरीला ती लाइटची छत्री धरून उभी राहायची, आणि वर सल्ले द्यायची.

"कडेचं काय करायचंय तुला? नवरा-नवरी मदी हायत की."

हल्ली तर कडेच्या माणसांवर तिचा रागच होता. परवा एका वाढप्याला धडकली, अंगावर आमटी सांडून घेतली आणि वर त्यालाच झापलं. "कुटनं उगवताय रे तुमी? माणसानं कसं समोरनं यावं!" वाढप्या बिचारा केव्हाचा शेजारीच उभा होता. सिद्धेश्वरी तेव्हा छत्रीमागं तोंड लपवून हसली होती.

तरी भिशी उचलून पैसे दिले ते गौरम्मानंच. कॅमेरा वापरलेला, पुण्याच्या कुणाचा तरी. नव्या पेठेतल्या कॅमेरेवाल्या विरेशनं जुना कॅमेरा बदल्यात घेतला. मोठी लेन्स घ्यायला मात्र पैसे पुरेनात. "जुनीच बसतीय की," सिद्धेश्वरी म्हणाली. विरेश त्यावर काहीतरी समजावून सांगायला लागला होता. पण तोवर कॅमेरा तिच्या हातात आला होता, आणि हातात कॅमेरा आल्यावर कानांचं काय काम? शेवटचं तेवढं ऐकू आलं, "नाही पटलं तर उद्या सकाळी आणा, ताई. तुमचा जुना तसाच ठेवतो."

आता तिनं कॅमेरा डोळ्याला लावला नाही. आधी नुसतं पाहून घेतलं. मधे देऊळ. उजव्या कडेला एक बाई लेकराचे पाय पाण्यात बुडवत होती, आणि लेकरू ओरडायचं की हसायचं ते ठरवत होतं. डावीकडं एक बगळा. सगळं एका फोटोत येणार होतं. मागं न सरकता.

तिनं बटण दाबलं.

पडद्यावर देऊळ लख्ख आलं होतं. पण चारी बाजूंनी काळोख आत शिरला होता. नळकांड्याला डोळा लावून पाहावं, तसा गोल उजेड, आणि भोवती काहीच नाही. बाई गेली. लेकरू गेलं. बगळाही गेला.

तिनं पदरानं लेन्स पुसली. पुन्हा फोटो काढला. पुन्हा तेच.

मग विरेशचं न ऐकलेलं वाक्य तिला आपोआप ऐकू आलं. छोट्या सेन्सरसाठी घडवलेली लेन्स होती ती. तिचा उजेड मोठ्याला कसा पुरावा? सिंगलची चादर डबलच्या पलंगावर घातली होती तिनं, सोलापुरात जन्मून. कॅमेऱ्यात चौकट लहान करून घ्यायची सोय होती, नाही असं नाही. पण मग येणार तेच जुनं. मधलं तेवढं.

म्हणजे उद्या सकाळी हा परत. पुन्हा भिंतीला टेकणं आलं, पुन्हा अर्धी मावशी. आणि त्याआधी शेजारी बसलेल्या या बाईला सांगायचं, की तुझ्या भिशीचं मी असं केलं.

"येनायतु?" गौरम्मानं विचारलं. काळजी वाटली की ती कानडीत शिरायची. "काय झालं गं? आण हिकडं. दाव की मला."

सिद्धेश्वरीनं मान खाली घालून कॅमेरा तिच्या हातात दिला. "फसले मी, अव्वा. सगळा फोटो वाया गेला."

गौरम्मानं पडदा नाकाजवळ धरला, मग लांब धरला. तिचा चेहरा खुलला. "वाया कुटं? लई झ्याक आलंय की देऊळ."

"देवळाचं सोड. हे काळं बघ की, चहूकडनं! कडेचं सगळं खाऊन टाकलंय त्यानं."

गौरम्मानं फोटो पाहिला. मान वर करून समोरचं देऊळ पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला. मग लेकीकडं बघून कौतुकानं, जरा नवलानंच म्हणाली,

"ते काळं तर असतंयच की, सिद्दू. तुला अजून कडेचं दिसतंय व्हय?"