तीन आठवड्यांचा दौरा

कर्णबधिर मुलांना शिकवायच्या नव्या पद्धती बघायला परदेशी कुणाला पाठवायचं, हे ठरवायच्या बैठकीत शाळेच्या मोठ्या बाईंनी एकच नाव लावून धरलं. ते धाकट्या बाईंचं होतं. लहानपणी त्यांना मोठ्या बाईंनीच शिकवलं होतं, पुढे नोकरीलाही त्यांनीच लावलं होतं.

"माझ्या वर्गातली नऊ पोरं सोडून कशी जाऊ? एकीला आत्ता कुठे 'प' म्हणता यायला लागलंय," धाकट्या बाई कुरकुरल्या.

"वेडी आहेस का? पोरांना मी बघते. तू मनभरून शिकून ये," मोठ्या बाईंनी दटावलं.

तीन आठवड्यांनी तीन वह्या भरून धाकट्या बाई परतल्या. सकाळी उत्साहानं वर्गाचं दार उघडलं, तर आत मोडक्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. शिपायानं खाली मान घालून सांगितलं, की वर्ग कायमचा बंद झालाय. पालकांच्या सह्या घेऊन नऊही मुलांना शहराबाहेरच्या शाळेत धाडलंय.

धाकट्या बाई तशाच मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

"बाई, मला एक फोन तरी करायचात. मी सगळ्या पालकांना घेऊन फाटकात बसले असते. कुणाची हिंमत झाली नसती वर्गाला हात लावायची."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.



"ते ठाऊक होतं गं," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणून तर तुला पाठवलं."