फुकटात शिकलेलं

कंपनीचा माणूस दिगंबरच्या डोक्यावरचं तारांचं टोपरं काढत होता आणि हौसाबाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होत्या. यंत्रमाग बंद पडल्यावर त्यांच्या लेकानं पंचेचाळिशीत घरी बसून कोडिंग शिकून घेतलं, एवढाच त्याचा गुन्हा. आता विद्या कंपनीकडून विकत घेऊन डोक्यात भरायची असते. आपली आपण शिकली तर ती चोरी, आणि चोरीचा माल ते येऊन काढून नेतात.

"झालं, आजी. कोडिंग गेलं, बाकी सगळं जागच्या जागी आहे."

"आजी तुझ्या घरी. दिगू, मी कोण रे?"

"आई."

हौसाबाईंचा जीव भांड्यात पडला, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. "मग बघत काय बसलास? आमटी चाख. मीठ कमी असलं तर घाल, नाहीतर गॅस बंद कर."

दिगंबरनं आमटी चाखली. एका हातात मीठ घेतलं, दुसरा गॅसच्या बटणावर ठेवला आणि तसाच उभा राहिला. "आई, नक्की काय करू?"

आमटी उतू जायला लागली.

कंपनीचा माणूस चाचरला. "विकत घेतलेलं अलगद निघतं हो. ह्यांनी स्वतः शिकलेलं... 'असं असेल तर तसं कर', एवढं जरा मुळासकट आलं."

"मेल्या, ते मी शिकवलं होतं त्याला, रांगत होता तेव्हापासून!" हौसाबाईंनी दार लावून कडी घातली. "परत घाल. तोवर तू इथून हलत नाहीस."