शनिवारच्या फेऱ्या

मुलांनो, अशी शर्यतीची गाडी डोळ्यांसमोर आणा, जी चालकाविना धावते, पण अगदी एखाद्या माणसासारखी. कोल्हापूरच्या ट्रॅकवरची एक गाडी ऋजुताच्या आईसारखी धावायची. आईला जाऊन वर्ष झालं होतं. पण शर्यतीत ही गाडी चालवताना तिने कुठे ब्रेक दाबला, कुठे स्टिअरिंग वळवलं, हे सगळं सेन्सरनी टिपून ठेवलं होतं आणि गाडी त्यावरूनच शिकली होती.

"चौथ्या वळणावर तुझी आई उगाच हळू व्हायची," पडद्यावरचा आलेख पाहत इंजिनिअर गुरवकाका म्हणाले. "तेही फक्त शनिवारी. त्या नोंदी काढून टाकतो, म्हणजे अर्धा सेकंद वाचेल."

"शनिवारी माझी शाळा लवकर सुटायची," ऋजुता म्हणाली. "मी त्या वळणाच्या कुंपणापाशी उभी असायचे."

काका हळूच म्हणाले, "उद्याची शर्यत हरलो तर मालक गाडीत दुसऱ्याच चालकाच्या नोंदी भरतील गं. मग आई अजिबातच उरणार नाही."

ऋजुताने आलेखातल्या चौथ्या वळणावर बोट ठेवलं.

"काढा मग. पण आधी एक फेरी नुसत्या शनिवारच्या नोंदींवर सोडा."

आणि काकांनी बटण दाबायच्या आत ती चौथ्या वळणाकडे धावत सुटली.