प्रोफेसर सूनबाई

"पोळी करपली तरी हिचं घोकणं थांबत नाही!" द्वारकाबाई करवादल्या. चीनहून आलेली सून मेई आठवडाभर अवघड इंग्रजी म्हणी पाठ करत होती.

"कसली परीक्षा आहे गं एवढी?"

"परीक्षा नाही, आई. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येणार. तुम्ही सगळ्यांना सांगितलंय, मी तिकडे इंग्रजीची प्रोफेसर होते. त्यांनी इंग्रजीत काही विचारलं, तर तुम्ही खोट्या पडाल."

द्वारकाबाई वरमल्या. सून कारखान्यात शर्ट शिवायची, हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून त्यांनीच ती थाप ठोकली होती. आणि ही पोर ती निभावायला डोळे सुजवून बसली होती.

त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक मिटलं. "राहू दे गं. आज सगळ्या बायकांना मीच खरं सांगणार. खोटं बोलले मी आणि शिक्षा भोगायची तू? असला न्याय माझ्या घरात चालायचा नाही!"