मांडवाखालचा रंग

बाळ पिवळंच दिसत होतं.

मेघाने कॅमेऱ्यासमोर पुन्हा कोरा कागद धरला, बटण दाबलं आणि पांढरं म्हणजे काय ते कॅमेऱ्याला नव्याने शिकवलं. पिंप्राळ्यातल्या घराच्या अंगणात पिवळाधमक मांडव घातला होता. त्याखाली सगळेच हळदीत बुडवून काढल्यासारखे. पण कागद दाखवला, की स्क्रीनवर सगळं कसं चटकन शुद्धीवर यायचं. आजीचे केस पांढरे. ज्योतीताईची साडी मोरपंखी. फक्त पाळण्यातली ताईची लेक तेवढी पिवळी.

ललितदादा लग्नाच्या शूटिंगला शिरपूरला गेला होता. भाचीच्या बारशाला त्याने पहिल्यांदाच जुना कॅमेरा दहावीतल्या मेघाच्या हाती दिला होता. रंग बिघडले तर पुन्हा मिळणार नाही, हेही निघता निघता बजावलं होतं.

मग मेघाने चलाखी केली. सेटिंग हाताने निळ्याकडे सरकवलं. बाळ छान गुलाबी झालं! पण शेजारी आजीचे केस नीळ जास्त झालेल्या धोतरासारखे दिसायला लागले. परत आणलं, तर केस पांढरे आणि बाळ पिवळं. दोघींचं एकत्र काही जमेना.

"पोर कशी दिखस, दखाड व," म्हणत मंजुळाआजी स्क्रीनमध्ये डोकावली. "हाई काय? तुन्हा कॅमेराले कावीळ व्हयेल शे."

बायका खो खो हसल्या. मेघाही हसली. आणि हसता हसता थांबली.

"कॅमेऱ्याला नाही, आजी. बाळाला."

बारशाच्या दिवशी असलं अभद्र बोलू नये, असं कोणीतरी पुटपुटलं. बाळाच्या कानात अजून नाव सांगायचं होतं. चुकलं तर बारसं मोडल्याचा ठपका मेघावरच. तरी ती म्हणाली, "ताई, तिला मांडवाबाहेर घे. एकदाच बघ."

ज्योतीताईने बाळाला उजेडात नेलं, हलकेच पापणी वर केली. डोळ्यातला पांढरा भागही पिवळा होता.

बिननावाचं बाळ रिक्षातून दवाखान्यात गेलं.

"आज आणलंत ते बरं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कावीळ आणखी वाढली असती तर मेंदूला धोका होता."

संध्याकाळी काचेपलीकडे, निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधलेलं बाळ मुठी वळून झोपलं होतं. शिरपूरहून तडक आलेल्या ललितदादाने कॅमेरा मेघाच्याच हातात ठेवला. "काढ तूच. मोठी झाली की दाखवू तिला."

आजीने पुन्हा मान लांब केली. "पोर निळी दिखस ना व. रंग नीट कर ना, माय."

मेघाने कशालाच हात लावला नाही. "राहू दे, आजी. या निळ्यानंच ती बरी होतेय."

दिवेलागणीची वेळ होती. आजीने त्या निळ्या दिव्याला हात जोडले.