दारापुढचा उतार

घोरपडेबाईंचं पत्र तीन वर्षं माझ्या गाडी-दुरुस्तीच्या पुस्तकात खुणेसाठी होतं. त्यांच्या यजमानांची जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार मी विकत घेतली, तेव्हा त्यांनी मागाहून लिहिलं होतं, "गाडी सुरू झाली की मला एकदा फिरवून आणा. मी नेहमी डावीकडे बसायचे."

सुरू झाली की कळवू, असं म्हणत मी उत्तर दिलंच नाही. पुस्तकात बघून इंजिन उघडलं, प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधली, दोनदा जोडलं. ते गप्पच राहिलं. आता पाना धरला की बोटं दुखतात. निवृत्त ग्रंथपालाने असल्या भानगडीत पडूच नये, असं रोज वाटतं.

आज कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला बाबालाल बॉनेटखाली वाकून म्हणाला, "काका, चिठ्ठ्या एक नंबर. पण इंजिनाला वाचता येत नाही. पिस्टन बाहेरून मागवायचे, म्हणजे अजून वर्ष धरा. घाई आहे का?"

"मला नाही. गाडी ज्यांची होती, त्या बाईंना एकदा बसायचं आहे."

"वय काय त्यांचं?"

त्या ऐंशीच्या पुढे असतील, हे कधी माझ्या मनातच आलं नव्हतं. मी आपला माझ्या फजितीला लाजत बसलो होतो.

तिथेच स्टुलावर बसून लिहिलं, "गाडी सुरू होत नाही. मला ते जमलं नाही, माफ करा. पण ब्रेक लागतात, डावी सीट नवी शिवली आहे, आणि आमच्या दारापुढे लांब उतार आहे. बाबालाल ढकलेल. येत्या रविवारी या."

पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं. म्हणून न वाचताच टपालपेटीत टाकलं.