लाकूड लागेपर्यंत

चपला शिवायची नवी आरी मुकादमाच्या तळहातातून आरपार गेली आणि खालच्या पाटात रुतली. तो गुरासारखा ओरडत होता.

कारागिरांचे अंगठे दुखू नयेत म्हणून इंजिनिअर मृण्मयीने ही आरी बनवली होती. दाबायचं नाही, नुसतं मनात आणलं की ती घुसायची. म्हशीच्या जाड कातड्यावर शिकलेली, त्यामुळे लाकूड लागेपर्यंत थांबायची नाही. आज वापरून बघायला ती चपला शिवणाऱ्या शेवंताच्या हातात दिली होती. आणि मुकादमाने नेहमीसारखी शेवंताची वेणी ओढून, पाटावर हात आपटून शिवी हासडली होती.

“अहो, हे काय केलंत!” मृण्मयी किंचाळली.

“मी काय केलं न्हाई, ताई. नुसतं मनात आलं,” शेवंता रक्ताकडे बघत म्हणाली. “ते रोजच येतंय. जुनी आरी ऐकत नव्हती.”